प्रशिक्षणाचा सलग दिवस तोडून वाटावा

मा. संपादक,
सनविवि.

मकरपुरा, नंदेसरी, वाघोडिया, मंजुसर या बडोद्याभोवतीच्या औद्योगिक वसाहतींत ‘न्यूरो’ किंवा ‘ब्रेन’ हा शब्द जोडलेल्या कार्यशाळा आता नवलाच्या राहिलेल्या नाहीत. एका दिवसाचा कार्यक्रम, मेंदूच्या रंगीत चित्रांच्या स्लाइड, मध्ये जेवण आणि संध्याकाळी अभिप्रायाचा फॉर्म. मेंदू, स्मरण आणि निर्णय यांवरच्या संशोधनात कारखान्याच्या, बँकेच्या, रुग्णालयाच्या उपयोगाचे खरोखर पुष्कळ आहे, म्हणूनच हे पत्र लिहावेसे वाटले. त्या संशोधनाचा पहिलाच धडा असा की, एवढे सगळे एका दिवसात शिकवू नये. व्यवस्थापनाने एकच दुरुस्ती करायचे ठरवले, तर ती ही करावी: प्रशिक्षणाचा सलग दिवस तोडून तो काही महिन्यांत वाटावा.

शिकलेले सर्वांत वेगाने विसरले जाते ते पहिल्या काही तासांत. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये हे स्वतःवर मोजून दाखवले. अर्थहीन अक्षरांच्या याद्या पाठ करायच्या, ठरावीक काळाने त्याच पुन्हा पाठ करायच्या आणि दुसऱ्या खेपेला किती मेहनत वाचली ते मोजायचे, अशी त्याची रीत होती. वीस मिनिटांनी सुमारे ५८ टक्के मेहनत वाचे, एका दिवसाने ३४ टक्क्यांच्या आसपास, महिन्याने २१ टक्के. अ‍ॅम्स्टरडॅमच्या संशोधकांनी २०१५ मध्ये हाच प्रयोग पुन्हा केल्याचे प्रसिद्ध केले, तेव्हाही आलेख जवळपास तसाच निघाला. कारखान्यातली माहिती अर्थहीन नसते, त्यामुळे तिथे आकडे इतके वाईट येणार नाहीत. पण आधी कडा आणि मग सपाटी, हा उताराचा आकार बदलत नाही. सोमवारी आठ तास शिकवायचे आणि मंगळवारी एक प्रश्नही विचारायचा नाही, म्हणजे नेमक्या त्या कड्यावर माणसाला एकटे सोडायचे.

मग पुन्हा वाचून घ्यावे का? इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो. रोडिगर आणि कार्पिके या अमेरिकन संशोधकांनी २००६ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटाने तो चार सत्रांत वाचला. दुसऱ्या गटाने एकाच सत्रात वाचला आणि पुढच्या तीन सत्रांत उतारा न पाहता आठवेल ते कागदावर लिहिले. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने घेतली तेव्हा वाचणाऱ्यांकडे ४० टक्के उरले होते आणि आठवून लिहिणाऱ्यांकडे ६१. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, आपल्याला हे जास्त लक्षात राहील असा भरवसा वाचणाऱ्यांनाच अधिक होता. प्रशिक्षणाच्या संध्याकाळी भरून घेतलेला अभिप्रायाचा फॉर्म नेमका हाच भरवसा मोजतो. ‘विषय छान समजला’ यापुढची खूण आठवड्यानंतरच्या कामाबद्दल काहीही सांगत नाही. तो फॉर्म प्रशिक्षण किती चांगले झाले याचा पुरावा म्हणून फाइलला लावणे थांबवले पाहिजे.

उजळणीत अंतर किती ठेवायचे, यालाही उत्तर आहे. सेपेडा आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये १,३०० हून अधिक लोकांवर ते तपासले. आठवड्याने लागणाऱ्या गोष्टीसाठी एका दिवसाचे अंतर सर्वांत फलदायी ठरले. ३५ दिवसांनी लागणाऱ्या गोष्टीसाठी ११ दिवसांचे. ३५० दिवसांनी लागणाऱ्या गोष्टीसाठी सुमारे २१ दिवसांचे. सुरक्षेची माहिती वर्षभर लागते. तेव्हा तिची उजळणी तीन-तीन आठवड्यांनी व्हायला हवी. वर्षातून एकदा सुरक्षा सप्ताहात फलक लावून ती होत नाही.

आता हिशेब मांडू. आठ तास म्हणजे ४८० मिनिटे. त्यांत तीन विषय घ्यावेत, प्रत्येकाला ९० मिनिटे, तीही शक्यतो तीन वेगळ्या दिवशी आणि यंत्रापाशी. २७० मिनिटे झाली. उरलेल्या २१० मिनिटांत दहा-दहा मिनिटांच्या २१ बैठका बसतात, म्हणजे प्रत्येक विषयाला सात. पहिली दुसऱ्या दिवशी, मग चौथ्या दिवशी, मग दहाव्या, मग तीन आठवड्यांनी, आणि पुढच्या तीन बैठका तीन-तीन आठवड्यांच्या अंतराने. कंपनीचा वेळ तेवढाच गेला, फक्त वेगळ्या तऱ्हेने. हजेरीपत्रक ठेवणाऱ्याला त्रास होतो हे खरे, आणि एक दिवसाचा कार्यक्रम इतका टिकून राहण्याचे तेही एक कारण आहे: एक तारीख, एक सही, एक बिल.

दहा मिनिटांत करायचे काय? उदाहरण म्हणून दुरुस्तीपूर्वीचे लॉकआउट घ्या, म्हणजे काम चालू असताना यंत्र चुकून सुरू होऊ नये म्हणून ते बंद करून कुलूप लावण्याची पद्धत. त्याच्या पायऱ्या सहा: संबंधितांना कळवणे, यंत्र बंद करणे, वीज-वाफ-हवा यांचे सगळे स्रोत तोडणे, कुलूप आणि पाटी लावणे, आत साठलेला दाब किंवा भार मोकळा करणे, आणि शेवटी बटण दाबून यंत्र खरेच सुरू होत नाही याची खात्री करणे. पाळीच्या सुरुवातीला सहा ते आठ जण उभे राहतात. सुपरवायझर प्रश्न विचारतो आणि अर्धा मिनिट गप्प राहतो. प्रत्येकजण आपापल्या कागदावर उत्तर लिहितो, मगच कुणीतरी मोठ्याने सांगतो, आणि चूक असेल ती तिथेच दुरुस्त होते. गुण द्यायचे नाहीत. ज्यांना लिहिणे जड जाते त्यांना पायऱ्यांची चित्रे असलेले पत्ते पिसून द्यावेत आणि क्रम लावायला सांगावे. त्यांत दोन खोटे पत्ते जरूर मिसळावेत, नाहीतर सहाच्या सहा पायऱ्या डोळ्यांसमोर असल्याने आठवण्याचे काम उरतच नाही, नुसते ओळखणे उरते. एखाद्या बैठकीला पत्ते सोडून थेट पॅनेलपाशी जावे आणि ‘साठलेला दाब कुठे कुठे असू शकतो, बोट ठेवून दाखव’ असे विचारावे. कुलूप लावल्यावर काम झाल्यासारखे वाटते, त्यामुळे पाचवी आणि सहावी पायरी गळण्याचा धोका असतो. प्रश्न त्या दोन पायऱ्यांवरच जास्त असावेत.

ही पद्धत बिघडते तीही ठरावीक ठिकाणी. सुपरवायझर प्रश्न विचारतो आणि तीन सेकंदांत उत्तरही स्वतःच देतो. किंवा कामाची लेखी पद्धत वाचून दाखवली जाते आणि रजिस्टरवर सह्या होतात, म्हणजे परत वाचणेच. किंवा दर वेळी तेच पाच प्रश्न त्याच क्रमाने येतात आणि लोक ‘एक-ब, दोन-क’ असे पाठ करतात. सर्वांत घातक म्हणजे मनुष्यबळ विभाग या उत्तरांवर वेतनवाढ ठरवू लागतो. मग कुणी चूक दाखवत नाही, शेजाऱ्याचे बघून लिहितो, आणि कच्चे दुवे कोणते ते कळण्याचा मार्गच बंद होतो. दहा मिनिटे जेव्हा ‘आज लोड आहे’ म्हणून रद्द होतात तेव्हा ती दुसऱ्या दिवशी घ्यावीत. चार बैठका साठवून महिनाअखेरीला एकदम घेतल्या तर अंतराचा सगळा फायदा जातो.

वेळेचा आणखी एक मुद्दा. रात्रपाळी संपवून निघालेल्या कामगारांना सकाळी प्रशिक्षणासाठी थांबवून घेण्याची रीत सोयीची आहे, कारण उत्पादन अडत नाही. ती सोडावी. व्हान डोंगेन यांच्या २००३ मधल्या प्रयोगात निरोगी प्रौढांना १४ दिवस रोज सहा तासच झोप दिली. चौदाव्या दिवसापर्यंत त्यांचे लक्ष आणि स्मरण एक अख्खी रात्र जागवलेल्या माणसांइतके खालावले होते, आणि तरीही आपण फारसे पेंगुळलेलो नाही असे ते सांगत होते. रात्रपाळीच्या माणसाला ‘झोप आली आहे का’ विचारून म्हणूनच उपयोग नसतो. शिवाय नव्या आठवणी पक्क्या होण्याचे बरेचसे काम झोपेत होते, आणि दिवसाची झोप तुटक असते. अशा माणसाला सात ते नऊ बसवून घेतलेली सही कायद्याच्या फाइलला पुरते, डोक्याला पुरत नाही. त्यांचे सत्र रात्रपाळीच्या सुरुवातीला घ्यावे. याच कारणासाठी बंद संयंत्र पुन्हा सुरू करण्याचे अवघड काम पहाटे तीन ते पाचच्या दरम्यान ठरवू नये. शरीराचे घड्याळ तेव्हा सर्वांत खाली असते.

संवादाबद्दल पुष्कळ बोलले जाते, पण कारखान्यातला सर्वांत महागडा संवाद पाळी बदलताना होतो. उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेल-वायूच्या फलाटावर ६ जुलै १९८८ रोजी १६७ माणसे गेली. तिथल्या एका पंपाचा दाबनियंत्रक सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढलेला होता आणि त्या जागी नुसती झाकणाची फ्लँज बसवलेली होती. ही गोष्ट रात्रीच्या पाळीपर्यंत नीट पोचली नाही. दुसरा पंप बंद पडला आणि हा सुरू करण्यात आला. लॉर्ड कलन यांच्या चौकशीत परमिट (धोक्याच्या कामाची लेखी परवानगी) आणि पाळी बदलताना चार्ज देण्याची पद्धत यांवर बोट ठेवले गेले. आपल्याकडे नंदेसरीत, कोयलीत, दहेजला जी रसायने हाताळली जातात ती पाहता, ही गोष्ट प्रत्येक शिफ्ट इन-चार्जला तपशिलासह माहीत असली पाहिजे.

चार्ज देताना माहिती हरवते याचे एक कारण सरळ आहे. माणूस एका वेळी मनात चारच्या आसपास नव्या गोष्टी धरून ठेवू शकतो. नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये मांडलेला हा आकडा आज बहुतेकजण मानतात. जाणारा ऑपरेटर उभ्याउभ्या पंधरा गोष्टी सांगतो, तेव्हा येणाऱ्याच्या हाती पहिल्या दोन-तीन आणि शेवटची एखादी लागते. उपाय असा: चालू असलेल्या सगळ्या गोष्टी लॉगबुकात, तोंडी फक्त चार. आत्ता नेहमीपेक्षा वेगळे काय आहे, कोणते परमिट उघडे आहे, पुढच्या चार तासांत काय होऊ शकते आणि झाल्यास काय करायचे, आणि कोणते काम अर्धे सोडले आहे. ऐकणाऱ्याने हे चारही आपल्या शब्दांत परत सांगायचे. मग दोघांनी मिळून त्या उघड्या परमिटच्या जागी जाऊन यायचे. अमेरिकेतल्या नऊ रुग्णालयांत निवासी डॉक्टरांसाठी अशीच बांधीव पद्धत, परत सांगण्यासह, लावली गेली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी आणि टाळता येण्याजोग्या इजा ३० टक्क्यांनी कमी झालेल्या दिसल्या.

परत सांगण्याची पायरी सर्वांत आधी गाळली जाते, आणि दोष ऑपरेटरचा नसतो. कंपनीची बस पाळी सुटताच निघते. जाणाऱ्याचे लक्ष बसकडे, येणाऱ्याचे हजेरीच्या यंत्राकडे. दोन्ही पाळ्यांत पंधरा मिनिटांचा सामाईक वेळ ठेवून त्याचे पैसे दिले आणि बस तितकी उशिरा सोडली, की अर्धा प्रश्न सुटतो. हे करायला मेंदूचे चित्र लागत नाही. वाहतूक विभागाला एक पत्र पुरते.

बडोद्यात भाषेचा प्रश्न वेगळा पाहिला पाहिजे. लेखी पद्धत इंग्रजीत, सुपरवायझर गुजराती, फिटर मराठी, हेल्पर बिहारचा किंवा ओडिशाचा, असा एकच गट ठिकठिकाणी असतो. प्रिन्स्टनच्या उरी हॅसन यांच्या चमूने २०१० मध्ये गोष्ट सांगणारी व्यक्ती आणि ऐकणारे यांच्या मेंदूंतल्या हालचाली स्कॅनरमध्ये ताडून पाहिल्या. समजत असताना ऐकणाऱ्याच्या मेंदूत सांगणाऱ्याशी मिळताजुळता क्रम उमटे, काही भागांत तर ऐकणारा किंचित पुढेच असे, म्हणजे पुढचे काय येणार ते ताडत असे. तोच प्रयोग रशियन न समजणाऱ्यांना रशियन गोष्ट ऐकवून केला तेव्हा हा मेळ उरला नाही. प्रयोग लहान होता, त्यावरून फार मोठे इमले बांधू नयेत. मात्र भाषा कळत नसेल तर मान डोलावणे हा समजल्याचा पुरावा नव्हे, एवढे तरी त्यातून घ्यावे. सयाजीरावांच्या काळात १८९० मध्ये इथे कलाभवन सुरू झाले, तेव्हा त्रिभुवनदास गज्जर यांनी तंत्रशिक्षण लोकांच्या भाषेतून देण्याचा आग्रह धरला होता. त्याच गावात आज धोक्याच्या सूचना एकाच भाषेत लावलेल्या दिसतात. आणीबाणीत काय करायचे त्याचे पत्ते गुजराती, हिंदी, मराठी, आणि गरज असेल तिथे ओडियात, प्रत्येकी सहा ओळींच्या आत, कंट्रोल पॅनेलशेजारी लावावेत. एमी आर्नस्टन यांच्या येलमधल्या संशोधनातून दिसते की ताबा सुटल्याची भावना देणाऱ्या तीव्र ताणाखाली मेंदूचा कपाळामागचा भाग, म्हणजे विचार करून पायऱ्या लावणारा भाग, नीट चालत नाही, आणि सवयी पुढे येतात. अलार्म वाजत असताना माणूस परकी भाषा मनात उलटवत बसू शकणार नाही.

निर्णयांच्या बाबतीत थोडक्यात लिहितो. बैठकीत साहेब आधी बोलले की उरलेली बैठक संपलेली असते. सॉलोमन अ‍ॅश यांच्या १९५० च्या दशकातल्या प्रयोगांत, समोर दिसणाऱ्या रेषेच्या लांबीबद्दलसुद्धा, बाकीचे सगळे चुकीचे बोलले तेव्हा सुमारे एकतृतीयांश उत्तरे गर्दीसारखी चुकली. उत्तर खासगीत लिहून द्यायला सांगितले की हे प्रमाण पुष्कळ उतरले. तेव्हा नवे यंत्र घेणे, पुरवठादार बदलणे, माणूस नेमणे अशा बैठकीत आधी प्रत्येकाने आपला आकडा किंवा निवड कागदावर लिहावी, चिठ्ठ्या गोळा कराव्यात, कनिष्ठापासून बोलणे सुरू करावे, आणि वरिष्ठाने शेवटी बोलावे. निर्णय ठरत आला की दहा मिनिटे गॅरी क्लाइन यांची ‘प्रीमॉर्टेम’ करावी: सहा महिने उलटलेत आणि हा निर्णय फसला आहे असे धरून, का फसला ते प्रत्येकाने लिहायचे. ‘काही शंका आहे का’ विचारल्यावर गप्प बसणारे इथे लिहितात, कारण शंका घेणे हेच दिलेले काम असते. शेवटी तारीख, पर्याय, कारणे आणि यशाची अपेक्षा किती टक्के हे वहीत नोंदवावे. निकाल कळल्यावर आपल्याला आधीच माहीत होते असे माणसाला प्रामाणिकपणे वाटू लागते. बारूख फिशहॉफ यांनी हे १९७५ मध्ये दाखवले. वही नसेल तर चुकीतून शिकण्यासारखे काही मागे उरत नाही.

आणि आता जे विकत घेऊ नये त्याबद्दल. डावा मेंदू तर्काचा आणि उजवा कल्पनेचा, म्हणून माणसांचे दोन प्रकार, हे खरे नाही. युटा विद्यापीठाने २०१३ मध्ये हजारावर मेंदूंचे स्कॅन तपासले, तेव्हा तसे प्रकार आढळले नाहीत. ‘पाहून शिकणारे’ आणि ‘ऐकून शिकणारे’ असे गट पाडून शिकवल्याने फायदा होतो, याला पॅशलर आणि सहकाऱ्यांना २००८ च्या आढाव्यात पुरेसा आधार मिळाला नाही. निर्णय घेऊन घेऊन इच्छाशक्ती संपते, या दाव्याची २०१६ मध्ये २३ प्रयोगशाळांत मिळून फेरतपासणी झाली. परिणाम जवळपास शून्य निघाला. येलमध्ये २००८ मध्ये असेही दिसले की, एखाद्या कच्च्या स्पष्टीकरणात मेंदूबद्दलचे असंबद्ध वाक्य घातले, तर सामान्य वाचकांना ते अधिक पटते. तज्ज्ञांना पटत नाही. म्हणून प्रशिक्षण संस्थेला खरेदी विभागाने एक साधी गोष्ट विचारावी: स्लाइडवरून मेंदूचे चित्र आणि ‘डोपामिन’ हा शब्द काढला, तर आमच्या माणसाने उद्या वेगळे काय करायचे ते उरते का? आणि महिन्याने ते कसे तपासणार? याचे उत्तर करारात लिहून घ्यावे.

तपासणीही अवघड नाही. एका कारखान्यात सारखे काम करणारे दोन विभाग निवडावेत. एकाला नेहमीचा सलग दिवस, दुसऱ्याला वर मांडलेली, काही महिन्यांत वाटून दिलेली पद्धत. कोणाला काय, ते चिठ्ठी टाकून ठरवावे, कारण उत्साही सुपरवायझरचा विभाग आपोआप नव्या पद्धतीकडे जातो आणि मग फरक पद्धतीचा की माणसाचा ते कळत नाही. शंभराव्या दिवशी, आधी न सांगता, दोन्हीकडच्या दहा-दहा जणांना यंत्रापाशी लॉकआउट करून दाखवायला सांगावे. नोंद घेणाऱ्याला कोण कुठल्या पद्धतीने शिकले ते माहीत नसावे. गळलेल्या पायऱ्या मोजाव्यात. कंत्राटी कामगार दोन्हीकडे घ्यावेत. बऱ्याच ठिकाणी प्रत्यक्ष कुलूप लावणारे हात त्यांचेच असतात आणि प्रशिक्षणाच्या यादीत नावे मात्र कायम कामगारांची असतात. वीस माणसांवरून बारीक फरक कळणार नाही, तेव्हा तिमाहीच्या अंतराने दोनदा-तीनदा हेच करावे, आणि तरीही वाटलेल्या पद्धतीच्या विभागात गळणाऱ्या पायऱ्या कमी दिसल्या नाहीत, तर ती पद्धतही त्या कारखान्याने सोडून द्यावी.

आपले,
औद्योगिक प्रशिक्षण आणि मानसशास्त्र या क्षेत्रांतील दोन वाचक,
बडोदे